‘सारखी’ हा शब्द

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी मुलांना मराठी शिकवते. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले, नोकरी आयटीतली, आठवडाभर तोंडात हिंदी नाहीतर इंग्रजी. रविवारचे ते दोन तास माझे हक्काचे. सात-आठ मुलं येतात, त्यांत माझी मुलगीही. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

त्या रविवारी मी उपमा आणि रूपक घेतलं. फळ्यावर लिहिलं, ‘बाबांचा राग फटाक्यासारखा आहे’ आणि खाली, ‘बाबांचा राग म्हणजे फटाका’. पहिल्या वाक्यात राग आणि फटाका शेजारी-शेजारी आहेत, मध्ये ‘सारखा’ उभा आहे, म्हणून ती उपमा. दुसऱ्यात ‘सारखा’ निघून गेला, दोन्ही एकच झाले, म्हणून ते रूपक. मुलांना लगेच कळलं. मग मी म्हटलं, “आता आपापल्या माणसांवर एक उपमा आणि एक रूपक लिहा.”

माझी मुलगी उठून वाचायला लागली, “माझी आई फोनसारखी आहे. संध्याकाळपर्यंत तिचं चार्जिंग संपतं.”

मुलं हसली. मीही हसले.

“अक्का म्हणजे शाळा सुटल्याची घंटा.”

अक्का आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. बोलण्यात निम्मी कन्नड. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्या. शाळेची बस आली की गेटवर त्याच उभ्या असतात आणि मी ऑफिसातून येईपर्यंत मुलगी त्यांच्याकडेच असते. ही सोय मीच मागून घेतली होती.

तरी ते मला खुपलं. मला उपमा, त्यांना रूपक. माझ्या आणि लेकीच्या मध्ये एक शब्द उभा, त्या दोघींच्या मध्ये काहीच नाही.

“चुकलं,” मी म्हटलं. “माणूस घंटा कसा असेल? घंटेसारखी लिही.”

“सारखी नाही,” ती म्हणाली. “घंटाच.”

“टीचर, तुम्हीच आत्ता सांगितलं ना,” मागून एक मुलगी हळूच म्हणाली. मी वर्ग दहा मिनिटं आधी सोडला.

दुसऱ्या दिवसापासून मी लेकीला शाळेजवळच्या पाळणाघरात ठेवलं. अक्कांना सांगितलं, तिथं अभ्यास करून घेतात. “सरी, बरं,” एवढंच त्या म्हणाल्या. मुलगी दोन दिवस रडली, मग गप्प झाली. संध्याकाळी मी मुद्दाम तिच्याशी गप्पा मारायला बसायचे. ती विचारलं तेवढं सांगायची. पाळणाघराबद्दल कधी बोललीच नाही.

दोन आठवड्यांनी अक्काच आल्या. मुलगी खाली खेळत होती. सोफ्याच्या कडेला टेकत त्या म्हणाल्या, “माझं काय चुकलं ते सांग. स्वल्प काही असलं तरी सांग.”

खोटं बोलायचं मनात होतं. पण इतक्या सरळ विचारल्यावर जमेना. मी दोन्ही वाक्यं सांगितली, वर्गात मी काय बोलले तेही सांगितलं.

अक्का सोफ्यात मागे सरकून नीट बसल्या. मग म्हणाल्या, “घंटा? अगं, कारखान्यात सगळा जन्म त्या घंटेवर गेला. जेवायचं तिच्यावर, उठायचं तिच्यावर. त्यापेक्षा फोन बरा की.”

मला हसू आलं आणि मागोमाग रडूही.

“तुमचा हेवा वाटला, अक्का.”

“वाटू दे. मलाही वाटतो,” त्या म्हणाल्या. “तू आलीस की ती माझ्या हातातला घास सोडून पळते.”

हे मला माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं. अक्कांचं दार उघडायचं तेव्हा ती आधीच दारात येऊन उभी असायची.

सोमवारपासून मुलगी पुन्हा अक्कांकडे जायला लागली. पुढच्या रविवारी मी सगळ्या मुलांसमोर सांगितलं की तिचं वाक्य बरोबर होतं, चूक माझी होती. ती मान खाली घालून वहीत काहीतरी रेघोट्या ओढत राहिली.

हेवा पुरता गेला असं म्हणणार नाही. परवा गॅलरीत त्या दोघी कसलंसं कन्नड कोडं घालून हसत होत्या. मला ते कळलं नाही. मी बॅग खाली ठेवली आणि लेकीला अर्थ विचारला.