पांढऱ्या मनगटाची राणी

माझे यजमान कुंभकोणमच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत. घरी ते लाकडी ठोकळे कोरून काळ्या शाईने कागदावर छाप घेत. त्या वर्षी त्यांनी एका जुन्या शोकांत नाटकाचे प्रसंग धरले होते. राजा संशयाने आंधळा होऊन निर्दोष राणीला ठार मारतो, असे ते नाटक. प्रत्येक छापात सारे काळेभोर, फक्त राणीचा गळा आणि मनगट पांढरे.

ते मनगट माझे नव्हते. तसली लांबसडक बोटे आमच्या नात्यातही कुणाची नव्हती.

दर शुक्रवारी शाळा सुटली की ते आगगाडीने तिरुविडैमरुदूरला जात. विचारले की म्हणत, "काम आहे." परत आले की सदऱ्याला अत्तराचा वास. धुवायला टाकण्याआधी मी तो हुंगून बघू लागले. एकदा धोतरावर विड्याचा लाल डाग दिसला. हे तर कधी पान खात नसत.

एका शुक्रवारी शेजारणीला "देवळात जाऊन येते" असे सांगून मी त्याच गाडीच्या बायकांच्या डब्यात बसले. उतरून अंतर राखून मागे गेले. ते एका कौलारू घरात शिरले. दार उघडेच होते. आत यजमान मांडी घालून रेखाटत होते आणि समोर टक्कल पडलेला एक म्हातारा राणी होऊन मरत होता. हात वर गेला, लांब बोटे एकेक करून मिटली. मी दारातच थबकले.

मला पाहून म्हातारा उठून बसला. "या अम्मा, आत बसा," तोंडातला विडा गालात सारत तो तमिळमध्ये म्हणाला. तरुणपणी तो नाटक मंडळीत राण्यांची कामे करी. अत्तर लावल्याशिवाय त्याला अजूनही राणी होता येत नसे.

स्टेशनवर मी म्हटले, "मला सांगायचं होतंत."

"त्याच्या मुलांना बापाच्या नाटकाची लाज वाटते. कुणाला सांगू नका म्हणाला होता."

"मी कुणी का?"

ते तिकिटे काढायला गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला खिडकीपाशी बसवले. मी लुगडे बदलून, फुले माळून बसले. तासाभराने कागद पाहिला, तर तो राजा होता. चढलेल्या भुवया आणि घट्ट मिटलेले ओठ माझे. दोन दिवस मी त्या खिडकीपाशी फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "डोळे राहिलेत. बसतेस?"

मी बसले.