दुसऱ्या घाण्याची लोकर

मुलुंडला आमच्या चाळीपासून पाच मिनिटांवर लोकरीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका बैठ्या घराची पुढची खोली; मागच्या खोलीत दुकानवाल्या काकू एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान गिरणीत रंगखात्यात होते. ते गेल्यावर काकूंनी पांढरी लोकर आणून घरीच रंगवायला सुरुवात केली. मागच्या अंगणात शेगडीवर जर्मनचं मोठं पातेलं चढायचं. त्यात एका वेळी चार लड्या मावायच्या. अशा एका खेपेला काकू घाणा म्हणत, चकल्यांचा म्हणतात तसा. रंगाची पूड त्या चमच्याने मोजत नसत. चिमटीने घालायच्या, काडीवर धागा उचलून दारातल्या उजेडात बघायच्या आणि मान हलवायच्या.

दुपारी आम्ही पाच-सहा जणी तिथे विणत बसायचो. मुंबईत लोकर लागते कशाला, असं माझे यजमान हसून विचारायचे. पण कुणाची मुलगी नाशिकला दिलेली होती, कुणाचा भाऊ दिल्लीला नोकरीला होता. आमच्या शाली बाहेरगावी जायच्या. आमच्यात एक गुजराती बेन होती. एक म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलातली नर्स होती. सकाळपाळी संपली की ती तशीच पांढऱ्या साडीत यायची. सर्वांत लहान मी. लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि घराबाहेर जायची परवानगी असलेली ती एवढीच जागा.

अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट असेल. माझ्या नणंदेचं लग्न नाशिकला ठरलं. सासूबाईंनी बोलणी झाली त्याच दिवशी विहिणीला शब्द देऊन टाकला की आमची सून हातची शाल विणून देईल. रंगही त्यांनीच सांगितला, पिकल्या जांभळाचा. काकूंनी पहिला घाणा काढला तो इतका सुरेख उतरला की नर्सबाईंनी विणकाम थांबवून लडी हातात घेतली. अर्धी शाल झाली तेव्हा मी दुसरा घाणा मागितला.

दुसरा घाणा निळा होता. जांभळाच, पण शाईकडे झुकलेला. मी दुकानातच लडी पहिल्या घाण्याच्या गुंड्याशेजारी धरली. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "ओली आहे अजून. वाळली की बसेल." वाळल्यावरही बसला नाही. मी पुन्हा नेली तर त्यांचा आवाज चढला. रंगखात्यातल्या माणसाच्या बायकोला तू रंग शिकवणार का, असं त्यांनी विचारलं. मी ती लोकर घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात नर्सबाईंनी मला थांबवलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून मला धक्काच बसला. त्यांच्या स्वेटरच्या दोन बाह्या दोन रंगांच्या झाल्या होत्या आणि त्यांनी एक बाही गुपचूप उसवली होती. गुजराती बेननेही तसंच केलं होतं. सगळ्याजणी गेले चार महिने हेच करत होत्या. "मोतीबिंदू आहे," नर्सबाई म्हणाल्या. "निळा रंग त्यांना दिसतच नाही नीट, म्हणून जास्त घालतात. पण बोलायचं कुणी? आणि त्यांच्या दिराच्या कानावर गेलं म्हणजे?"

दिराचं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. काकूंचे धाकटे दीर घाटकोपरला राहायचे आणि दर पंधरवड्याला येऊन दुकानातल्या स्टुलावर बसायचे. खोली भाड्याची, पावती अजून त्यांच्या भावाच्या नावावर. त्यांना तिथे शिवणाचं दुकान टाकायचं होतं. आवाज नेहमी गोड असायचा. वहिनी, ही दगदग किती दिवस करणार, आमच्याकडे या, एक कोपरा तुमचाच, असं ते आमच्यासमोर म्हणायचे. काकू फक्त चहा पुढे करायच्या. त्यांना नीट दिसत नाही हे एकदा त्या माणसाला कळलं असतं, तर काकूंना त्या कोपऱ्यात जायला फार दिवस लागले नसते.

मी तसंच विणत राहिले. वाटलं, घडी घातल्यावर फरक जाणवणार नाही. एका दुपारी सासूबाईंनी शाल माझ्या हातातून घेतली आणि खिडकीत पसरली. रागावल्या की त्या मालवणीवर यायच्या.

"ह्यो रंग तुका एकसारखो दिसता?"

त्यांनी शाल पिशवीत कोंबली, पायांत चपला घातल्या आणि थेट दुकानाची वाट धरली. मी मागोमाग. वाटभर मी म्हणत होते की आई, मी उसवते, पुन्हा करते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुकानात सगळ्याजणी होत्या, आणि स्टुलावर दीर.

सासूबाईंनी शाल फळीवर पसरली. शांतपणे म्हणाल्या की माझ्या मुलीच्या सासरी जायची वस्तू आहे, हा रंग एक आहे का ते तुम्हीच सांगा. काकूंनी शाल उचलली आणि दारातल्या उजेडात नेली. एका हाताने वरचा भाग धरला, दुसऱ्याने खालचा. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. विणणाऱ्या सगळ्यांच्या सुया थांबल्या होत्या. दीर स्टुलावरून उठले आणि त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी शालीकडे पाहिलंच नाही. ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

काकू आता म्हणणार, एकच आहे. मला ते त्यांच्या ओठांवर दिसलं.

"आई, खालची लोकर काकूंची नाहीच," मी म्हणाले. "काकूंच्या लड्या माझ्या हातून खराब झाल्या. मग मी दादरहून दुसऱ्या आणल्या."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. घरी का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. भीती वाटली, मी म्हणाले, आणि एवढं मात्र खरं होतं. सगळ्यांसमोर त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. माझ्या माहेरापर्यंत गेल्या त्या. काकू शाल धरून तशाच उभ्या होत्या. दीर म्हणाले, "तरीच. वहिनींचा हात असा चुकायचा नाही." आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी गेले ती एकटीच, माणसं यायच्या आधी. वाटलं होतं काकू जवळ घेतील. त्या फळीपलीकडे उभ्या होत्या.

"दादरला कधी गेली होतीस गं तू?"

"नाही गेले."

त्यांनी फळीवरची एक लडी उचलून पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाल्या, "किती जणींना माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"मला सोडून," त्या म्हणाल्या, आणि मला जायला सांगितलं.

दुकान चार दिवस बंद होतं. आम्ही जाता-येता कडीकडे बघायचो. लग्नाला अठरा दिवस उरले होते, शाल माझ्याकडे उसवलेली पडली होती आणि घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. नर्सबाई रोज संध्याकाळी मागच्या दाराने हाका मारून यायच्या. काकू दार उघडायच्या नाहीत. चौथ्या दिवशी उघडलं. काय बोलणं झालं ते नर्सबाईंनी कधी सांगितलं नाही, पण निरोप आणला की मला लोकर घेऊन बोलावलंय.

अंगणात पाणी उकळत होतं. काकूंनी माझ्याकडे न बघता सांगितलं की दोन रंग जुळवता येणार नाहीत, दोन्ही एका गडद रंगात बुडवावे लागतील. पातेल्यात मावेल तेवढीच लोकर, म्हणून दोन घाणे. दोन्ही एकसारखे उतरले पाहिजेत, आणि आधी एकदा उकळलेली ही लोकर दुसऱ्यांदा उकळली की तिसऱ्यांदा उकळ सोसणार नाही. आकसून नमद्यासारखी जाड, घट्ट होईल. मी उसवलेल्या धाग्याच्या लड्या केल्या, धुतल्या. काकू चिमटीने रंग घालायच्या आणि विचारायच्या, "आता सांग." मी सांगायची: लालसर आहे, अजून लालसर, आता काळ्याकडे चाललाय. काडीवरचा धागा मी दारात नेऊन बघत होते आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एकदा मी म्हणाले, बास. त्या म्हणाल्या, नक्की? मी म्हणाले, नाही, थोडा अजून. त्यांनी अर्धी चिमूट टाकली.

दुसरा घाणा पहिल्याशेजारी दोरीवर टाकला तेव्हा ओल्या लोकरीवरून काहीच सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्याजणी अंगणात जमल्या. लड्या वाळल्या होत्या. नर्सबाईंनी त्या एकमेकींत मिसळल्या आणि मला म्हणाल्या, आता वेगळ्या काढून दाखव. मला काढता आल्या नाहीत. रंग जांभळाचा राहिला नव्हता, काळ्या वांग्याचा झाला होता. काकूंनी विचारलं नाही, पण बेननेच त्यांचा हात धरून सांगितलं की एकच आहे.

मी तेरा दिवसांत शाल पुरी केली. विहिणीला आवडली. सासूबाईंना ठरलेला रंग मिळाला नव्हता, आणि त्या हे विसरल्या नाहीत. पुढे कितीतरी वर्षं कुठली महागाची वस्तू घरात आली की त्या मोठ्या जाऊबाईंच्या हाती द्यायच्या, हिच्या हातून खराब होते म्हणून. खरं सांगावं असं मला अनेकदा वाटलं. पण सासूबाईंच्या भजनी मंडळात काकूंच्या दिरांच्या बायकोची बहीण होती, आणि नंतर सांगण्यात अर्थ उरला नाही. त्या गेल्या तेव्हाही माझ्याबद्दल त्यांचं तेच मत होतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा मोतीबिंदू पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नसत. काकूंना सात-आठ महिने थांबावं लागलं. तेवढे दिवस प्रत्येक घाण्याला आमच्यापैकी कुणी ना कुणी पातेल्याशेजारी असायची. दीर आले की मी लोकर बघायला आलेली गिऱ्हाईक व्हायची. ऑपरेशनला नेलं तेव्हा, बहिणीकडे बोरिवलीला गेल्यात, असं आम्ही शेजारी सांगितलं. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना हलू न देता झोपवून ठेवलं होतं. नर्सबाईंनी आपली रजा तिथे घालवली.

जाड भिंगांचा चष्मा लावून त्या परत आल्या. पहिल्या दिवशी फळीवरच्या लड्या एकेक उचलून बघत होत्या आणि म्हणत होत्या, किती निळं दिसतंय गं सगळं. एकच डोळा सुधारला. पण तेवढ्यावर त्यांनी आणखी पाच-सहा वर्षं दुकान चालवलं, आणि खोली सोडली ती स्वतःच्या मर्जीने, बहिणीकडे राहायला जाण्यासाठी.

माझ्या त्या खोट्याबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. त्यांनी आभार मानले नाहीत, आणि मला तशी अपेक्षाही नव्हती. पण बोरिवलीला जाण्याआधी सहा महिने त्यांनी मला समोर बसवून एकेक रंग शिकवला, आणि चुकलं की हातावर काडी मारली.