चौकाच्या नावाचा मुलगा

...तर लिही, वन्संना राग आला तो काही उगाच नाही. माझ्या या नणंदबाई चाळीस वर्षं कॉलेजच्या वसतिगृहाचे कपडे धूत आल्या. अक्षर एक येत नाही, पण प्रत्येक पोराची खूण कॉलरच्या आत पक्क्या शाईने घालायची आणि ती जन्मात विसरायची नाही. एका साली एकाच नावाची, एकाच आडनावाची दोन पोरं आली. वन्संनी एकाला फुली दिली, दुसऱ्याला तीन टिंबं. फुलीवाला गोरागोमटा, खिशाला रोज शाईचा डाग. टिंबंवाला काटकुळा, दोनच शर्ट, पण आला की आधी वन्संचा गठ्ठा उचलून आत ठेवायचा.

त्याच साली पुराने पूल गेला. टिंबंवाल्याने पाण्यातून सात माणसं काढली, आठव्याला आणायला गेला तो आलाच नाही. तेव्हापासून पुलाजवळचा चौक त्याच्या नावाचा. कॉलेजभोवती गाव वाढत गेलं तशी त्याच्या नावाची गल्ली झाली, बसथांबा झाला. कंडक्टर दिवसातून वीस वेळा त्याच्या नावाने ओरडतो, पण पोराचं तोंड कुणाला ठाऊक नाही.

यंदा कॉलेजने गावाचा इतिहास भिंतीवर लावायचा घाट घातला. वन्सं चादरी पोचवायला गेल्या, तर बुडालेल्या पोराच्या फोटोच्या चौकटीत कोण, फुलीवाला.

त्या इतिहासाच्या सरांना म्हणाल्या, "हा नाही बुडाला. हा गेल्याच महिन्यात बायकोला वसतिगृह दाखवायला आला होता. पोट सुटलंय चांगलं."

"मावशी, दप्तरात या नावाचा हा एकच फोटो आहे."

"नाव एक म्हणून माणूस एक होतो का?"

"उद्या पाहुणे येताहेत. इतक्या वर्षांनी कोण ओळखणार आहे?"

"मी ओळखतेय की, तुमच्यासमोर उभी राहून."

"बरं, चादरी ठेवा तिकडे आणि निघा."

तिथे त्यांचं डोकं फिरलं. जीव गेला तो गेला, वर पोराचं तोंडही चोरलंत, म्हणाल्या. स्टुलावर चढल्या, चौकट उतरवली, धुवायला न्यायच्या मळक्या चादरींत गुंडाळली आणि गठ्ठा डोक्यावर घेऊन फाटकातून चालत्या झाल्या.

शिपाई दोनदा येऊन गेला. "खरा फोटो आणा, हा घेऊन जा," एवढंच उत्तर. कॉलेजने कपडे दुसरीकडे टाकले. चाळीस वर्षांचं काम एका दिवसात गेलं. आता वन्सं इस्त्री आपटतात, कुणाशी धड बोलत नाहीत. कॉलेजच्या भिंतीवर खाली नाव, वर नुसता खिळा.

त्या पोराला एक धाकटी बहीण होती. पूर ओसरल्यावर वडिलांबरोबर त्याचं सामान न्यायला आली होती. उजव्या भुवईवर तीळ. लग्न होऊन कुठे गेली, कळायला मार्ग नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला ती भेटली, तर तिला एवढं सांगा, भावाचा एखादा फोटो असेल, अगदी लहानपणचा का असेना, तो पाठवून दे. कॉलेजात नको, वन्संच्याच हातात.