घेरावातला फोन

बापूसाहेब समोरच्याला ओळखण्याआधीच नमस्कार करून मोकळे होत. "मत कोणाचं, ते काय कपाळावर लिहिलेलं असतं?" असं वर हसत म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या कलकत्त्यात रुजलेलं मराठी घर, शहराच्या बेहाला भागात रंगाचा कारखाना आणि त्यात आमदारकी. भवानीपुरात मी त्यांचा शेजारी. बदलीवर आलेला बँकेतला साधा कारकून. पण मलाही ते 'साहेब' म्हणत, आणि मला ते आवडे.

त्या दिवसांत घेराव रोजचेच झाले होते. मालकाला खोलीत कोंडायचं, मागणी मान्य होईपर्यंत सोडायचं नाही. इतर कारखानदार पोलिसांच्या नावाने टाहो फोडत असताना बापूसाहेबांनी विधानसभेत ठणकावलं, "कामगार आपलीच माणसं आहेत. त्यांच्या अंगावर पोलीस कसले घालता?" कामगारांनी त्यांना हार घातले.

मग एके दिवशी त्यांनाच घेराव पडला. तोही अगदी घरगुती. कामगारांनी चहा दिला, मुरमुरे दिले. संध्याकाळी मात्र बापूसाहेबांचा धीर सुटला. "मधुमेहाचं औषध घरून मागवतो," म्हणाले. फोरमन हरिपदोने स्वतः फोन पुढे सरकवला.

मी तेव्हा त्यांच्या घरी वहिनींना धीर देत बसलो होतो. फोन ठेवताना वहिनींचा चेहरा उतरला. "पोलिसांना कळव म्हणतात," त्या म्हणाल्या. सगळ्यांच्या देखत बापूसाहेब मराठीत बोलले होते. तिथे कोणाला मराठी कळणार? आपल्या भाषेचा हा उपयोग पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लाठ्या चालल्या. हरिपदोचा हात मोडला. आमची मराठी मंडळी सुटकेचे पेढे घेऊन आली. बापूसाहेबांनी डबा उघडलाही नाही.

"त्याची माफी मागितल्याशिवाय मला सभागृहात तोंड उघडता यायचं नाही," म्हणाले, आणि मला घेऊन हरिपदोच्या घरी गेले. प्लॅस्टरमधला हात सावरत तो उठला, बायकोला चहा टाकायला सांगितला आणि बंगालीत म्हणाला, "पोलिसांना कोणी कळवलं, देव जाणे. तुम्ही नाही, हे मी सगळ्यांना पटवून दिलंय. त्या दिवशी औषध मिळालं ना, बापूबाबू?"

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मिळालं," ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "कबूल करायला गेलो आणि आणखी एक खोटं बोलून आलो."

पुढची निवडणूक त्यांनी लढवली नाही. लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं. तेही सगळ्यांना खरं वाटलं.