आधी तालीम, मंग बॅकपोर्ट

आमचे हे म्हंजे एक नमुनाच हायेत बाप्पा! नाव कवडू, राहनार वडनेरचे, एसटीतून रिटायर झालेले मेकॅनिक, आता कॉम्प्युटरच्या मांगं लागलेले. कोनतंही काम आधी खोटं खोटं करून पाह्यल्याबिगर खरं करत नाईत. लग्नाच्या आदल्या दिवशी सायकलनं माह्या गावापर्यंत येऊन वापस गेलते, रस्ता पाह्याले!

परवा आमच्या पोरीची, पौर्णिमाची, नोकरीची मुलाखत होती. दोन वाजता, व्हिडिओवर. लॅपटॉपच पायजे, स्क्रीन दाखवा लागते म्हने. आन बारा वाजता पाह्यतो तं नव्या लॅपटॉपचा माइक मुका! पोट्टी रडकुंडीले आली.

"लॅपटॉप चालवनारं डेबियन पक्कं हाये," हे म्हने, "पन जुनं. ह्या लॅपटॉपचं नवं साउंडकार्ड त्याले ओळखू येत नाई."

शेजारचे प्रेमदास म्हने, "मंग पूरी सिस्टिमच नवी टाक ना, कवडूभाऊ!"

"दोन तासांत? चालती गाडी सारी खोलू काय?" हे कडाडले. मंग ह्याईनं समजावलं. जुन्या सिस्टिमले बसन असं निवडक नवं सामान वेगळं ठेवलेलं असते, त्याले बॅकपोर्ट्स म्हंतेत. आपुन मागू तेवढंच येते. आपल्याले फकस्त नवं कर्नल, म्हंजे सिस्टिमचं इंजिन, आन साउंडकार्ड चालवनारं फर्मवेअर पायजे.

आन लगेच तालीम सुरू! "काय येईन, काय जाईन, ते आधी नुसतं पाहून घेतो."

"अवो, घड्याळ पाहा! तुमची तालीम घाला चुलीत!"

पन वो माय! यादीत सहाशे गोष्टी येनार, साठ निघून जानार. ह्याईनं चश्मा पुसला. घाईत पुढच्या डेबियनचं नाव टाकलं होतं, सारी सिस्टिमच बदलली असती. आपल्याच आवृत्तीचं टाकलं, पुन्हा तालीम केली. आता यादीत दोन-चारच गोष्टी, निघून जानारं काहीच नाई. तवा कुठं खरं बटन दाबलं. "नवं बिघडलंच तं चालू करतानाच्या मेनूत जुनं कर्नल हाये," म्हने.

लॅपटॉप बंद करून चालू केला. पौर्णिमानं रेकॉर्ड करून वाजवलं, तं घरभर माहाच आवाज: "झालं काय वो? दोन वाजून राह्यले!" हसून हसून आमची पोटं दुखली. मी आता इतकी सरळ झाली, की मुलाखत होईपर्यंत तोंडाले पदर लावून बसली.

संध्याकाळी फोन आला. निवड झाली, सोमवारी पुन्याले हजर व्हा. मी तं नाचलीच! ह्याईले शोधलं, तं मागच्या आंगनात डोळे पुसून राह्यले.

"काऊन वो? काय झालं?"

"पोरगी जाईन, याची तालीम नाई केली ना मी," म्हने.