सिलिंडरची खालची ओळ

ज्यांच्यासाठी हा गौरव अंक निघतोय त्या श्री. उद्धवराव लिपणे यांना, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अण्णांना, मी पहिल्यांदा भेटलो तो लेबलांच्या कामासाठी. सेलूला जिनिंगच्या मागच्या गल्लीत त्यांचा छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेट्या, एवढाच पसारा. मी राणीसावरगावचा. वसमतहून हळकुंडं आणायची, दळायची, पुड्या भरून गावोगाव द्यायच्या, हा माझा धंदा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या दंगलीनंतरचं वर्ष होतं ते. आमच्या वस्तीत जळालेल्या घरांवर नवे पत्रे चढत होते.

बाजारात तेव्हा मला कुणी ‘किशन’ म्हणे, कुणी ‘किशन्या’. मी नाव सांगितलं तसं अण्णा म्हणाले, "बसा किशनराव. काय छापायचंय?" माझा निम्मा धंदा कानांवर चालतो. गिऱ्हाइकाला गोड लागावा म्हणून लावलेला ‘राव’ मला लगेच कळतो. हा तसा नव्हता.

मी दोन तऱ्हेची लेबलं मागितली. एकावर ‘सोनपिवळी हळद’ आणि खाली ‘उत्पादक : किशन लिंबाजी खंदारे, राणीसावरगाव’. दुसऱ्यावर नुसतंच ‘सोनपिवळी हळद’. आमच्याकडं आडनाव ऐकलं की माणसाची वस्ती कळते. नावाची लेबलं आमच्या वस्त्यांसाठी, बिननावाची बाकीच्या दुकानांसाठी. हळद देवाला लागते, नवरीला लागते. एका दुकानदारानं मला अगदी मायेनं समजावलं होतं, "माल तुझा लय चांगला हाय. फकस्त नाव नको टाकू." अण्णांनी दोन्ही मजकूर जुळवले, दोन्ही गठ्ठे वेगवेगळ्या दोऱ्यांनी बांधून दिले आणि काही विचारलं नाही. बरीच वर्षं हे असंच चाललं. माझ्या पिशवीत दोन कप्पे होते आणि कुठल्या दुकानात कुठला उघडायचा, हे हाताला पाठ झालं होतं.

मग अण्णांनी हैदराबादहून जुनं दोन रंगांचं ग्रॅव्ह्युअर मशीन आणलं. लोकांनी वेड्यात काढलं. सेलूत कापूस विकायचा की प्लास्टिक रंगवायचं, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत. पण ते तरुणपणी हैदराबादला याच कामात होते आणि पुढचा काळ पुडीचा आहे, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. मला त्यांनी हे काम जसं समजावलं तसंच सांगतो. खिळ्यांच्या छपाईत अक्षर वर आलेलं असतं. इथं ते तांब्याचा थर दिलेल्या सिलिंडरमध्ये बारीक बारीक खड्ड्यांनी कोरतात. सिलिंडर शाईत फिरतं, एक पातळ पातं वरची शाई पुसून काढतं आणि खड्ड्यात उरलेली तेवढी फिल्मवर उतरते. एकदा कोरलं की लाखो पुड्या एकसारख्या.

अण्णांची शिस्त या मशीनवर बघावी. शाई घट्ट झाली की पातळ, हे ते काडी बुडवून, थेंब मोजून ठरवतात आणि मनासारखं होईपर्यंत मशीन सुरू करत नाहीत. पाथरीचे एक चहावाले दुपारपर्यंत ताटकळून म्हणाले, "अण्णा, पुडीत चहा भरायचाय, सोनं न्हाई." अण्णा म्हणाले, "मंग घरी जाऊन प्या. उद्या या." ते गिऱ्हाईक तुटलं. अण्णांच्या या स्वभावानं त्यांचं नुकसानही झालं आहे, हे गौरव अंकात लिहू नये असं असलं तरी लिहितो, कारण ते खरं आहे.

माझ्या हळदीला कागदी लेबल टिकत नव्हतं. पिवळं पडायचं, सुटायचं. मी म्हणालो, "आता आपलीबी पुडी मशीनवर घ्या. सिलिंडरं दोन करा, एक नावाचं, एक बिननावाचं."

अण्णांनी पहिल्यांदाच विषय काढला. "दोन करीन. माझं काय, दुप्पट काम. पन किशनराव, लेबल मी तुमाला शंभर छापून देत व्हतो. चुकलं तर फाडा, दुसरं लावा. हे सिलिंडर पाच-सात वर्षं चालायचं. पाच-सात वर्षांनी तुमी कोन असनार, ते आज ठरवून कोरायचंय. मला घाई न्हाई. आठ दिवसांनी या."

ते ‘टाका’ म्हणाले नाहीत, ‘टाकू नका’ही म्हणाले नाहीत. तेच अवघड गेलं. दोन केली तर पिशवीतले दोन कप्पे आणखी पाच-सात वर्षं तसेच राहत होते. बिननावाचं एकच केलं तर सगळी दुकानं राहत होती आणि पुडीवरून मी कायमचा जात होतो. नावाचं एकच केलं तर धंदा बसण्याची भीती होती. घरी सांगितलं. बायको पुड्या भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "दळायलाव तुमी, भरायलेय मी. मंग नाव काय पलीकडच्या गल्लीतल्याचं टाकता?"

आठव्या दिवशी गंगाखेडहून गाडी धरून परभणीमार्गे सेलू गाठलं आणि सांगितलं, सिलिंडर एकच, नावाचं.

पहिला रोल निघाला तेव्हा मी मशीनला टेकून उभा होतो. फिल्मवर बघितलं तर माझं नाव उलटं. म्हणालो, "अण्णा, हा तर अपशकुन झाला." अण्णा हसले, रोल दुसऱ्या अंगानं धरला आणि नाव सुलट झालं. "आतून छापलंय ते. गिऱ्हाईक भाईरून वाचनार. वर फिल्म हाय, आता नखानं खरडलं तरी निघायचं न्हाई."

मला समजावणाऱ्या त्या दुकानदारानं पहिलीच पेटी परत केली. मग आणखी चौघांनी. त्या हंगामात दळलेली हळद घरात थप्पीला लागली. मी अण्णांकडं येऊन बसायचो, मशीनचा आवाज ऐकायचो. ते चहा मागवायचे आणि शाईबद्दल बोलायचे.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी मांडवात माझीच पुडी बघून त्यांच्या नात्यातल्या एका बाईंनी विचारलं, "हळद कोनाची म्हनायची ही?" मी मांडवाच्या कडेला होतो. मला वाटलं, आता इथून निघावं. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नींनी, पुडी उचलली, खालची ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली आणि म्हणाल्या, "ते बगा, बसलेत तिथं. काय इचारायचं ते त्यांनाच इचारा." कुणी काही विचारलं नाही. नवरीला हळद लागली.

एका लग्नानं जग बदलत नाही. पण त्या मांडवातल्या दोन घरांनी पुढं हळद मागवली, मग त्यांच्या पाहुण्यांनी. पेटी परत करणारं दुकान अजून माझी हळद ठेवत नाही. त्याच्या शेजारचं ठेवतं, आणि चांगली खपते.

हल्ली छपाईचा माल विकणारे लोक येतात आणि अण्णांना सांगतात की आता ग्रॅव्ह्युअरचे दिवस गेले, रबरी पट्ट्यांवर स्वस्तात काम होतं, लहान लहान मालासाठी सिलिंडर कोण कोरणार. अण्णा शांतपणे ऐकतात. त्यांचं म्हणणं असं : लेबलांचं थोडकं काम जाईल, जाऊ द्यावं. ज्याला दर दिवाळीला पुडीचा चेहरा बदलायचाय त्यानं तिकडं जावं. ज्याची पुडी वर्षानुवर्षं तीच राहायची आहे, तो इथं येईल. असं म्हणून ते स्वस्थ बसत नाहीत, हे विशेष. साठीच्या तोंडावर हैदराबादला जाऊन हिऱ्याच्या टोकानं सिलिंडर कोरणारं यंत्र बघून आले. परत आल्यावर तासभर त्याचंच बोलत होते. त्यांना खंत आहे ती एकच, की काडीवरचा थेंब बघून शाई ओळखणारं माणूस या जिल्ह्यात त्यांच्यामागं अजून तयार नाही. या अंकाच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी असं चिकाटीचं माणूस असेल तर त्यानं जरूर सेलूला यावं; अण्णा ओरडतील, पण शिकवतील.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न एवढ्या वर्षांनी यंदा मिटला. माझ्या पुडीच्या नावाचा त्याआधीच मिटला होता, तो सेलूच्या त्या गल्लीत. गेल्या महिन्यात माझं सिलिंडर झिजलं. अण्णांनी नव्याचा कागद पुढं केला आणि विचारलं, "खालची ओळ?"

"तीच," मी म्हणालो. "जरा मोठी करा."

नवं सिलिंडर आणखी पाच-सात वर्षं चालेल. तेही झिजेल, तेव्हा पुढचं चढवायला, थेंब मोजायला आणि मला ताटकळत ठेवायला अण्णाच हवेत, त्यांची नजर आजच्याइतकीच बारीक हवी आणि चहा घेऊन येणाऱ्या वहिनीही तशाच ठणठणीत हव्यात. माझ्या घरच्या सगळ्यांचं त्यांच्यासाठी एवढंच मागणं आहे.

— किशन लिंबाजी खंदारे, राणीसावरगाव