वाढवलेलं इंजिन

लढाई संपली आणि लष्कराचं उरलंसुरलं सामान सिकंदराबादेत लिलावात निघालं. लोकांनी कांबळी आणली, पत्र्याच्या पेट्या आणल्या, आणि आमच्या ह्यांनी फटफटी आणली. फटफटी हा आपला मानाचा शब्द. उंचीला ती माझ्या गुडघ्याच्या थोडी वर होती आणि तिची चाकं लेकराच्या ढकलगाडीला शोभली असती. विमानातून छत्री लावून उतरणाऱ्या गोऱ्या सैनिकांसाठी ती केली होती म्हणे. खाली उतरले की तिच्यावर बसून पळायचे. शत्रूच्या अंगावर पळायचे की शत्रूपासून, हे मी विचारलं, तर ह्यांना सांगता आलं नाही. पेट्रोलची टाकी अगदी खाली होती, म्हणून निघण्याआधी तिला स्टोव्हसारखा पंप मारावा लागे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी पहिल्याच दिवशी हे पंप मारणं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हिच्यावर च्या ठिवायचा का?"

हे हिंगोलीच्या जिनिंग कारखान्यात इंजिनावर कामाला होते. तिथलं इंजिन एवढं मोठं, की त्याचं चाक माणसाच्या डोक्यावरून फिरायचं. दिवसभर त्या हत्तीची सेवा करून संध्याकाळी हे उंदराशी खेळत बसत. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. सुनेने नोकरी करावी हे त्या काळी कुणाच्या पचनी पडत नसे, पण आत्याबाईंनी माझ्या नोकरीला कधी आडकाठी केली नाही. त्याचं कारण माझी थोरली नणंद होती.

वन्संना औंढ्याच्या वाटेवर, चार-पाच कोसांवरच्या एका गावात दिलं होतं. पहिलं बाळंतपण रितीप्रमाणे माहेरी झालं, माझं लग्न व्हायच्या आधी, आणि मूल हाती लागलं नाही. दुसरं सासरी झालं. हिंगोलीला गाडी पाठवली, गाडी पोचून मदत येईपर्यंत तेही गेलं. आता त्यांना तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि सासरच्यांनी ठरवून टाकलं होतं, की पोरीला गावाबाहेर सोडायचं नाही. आत्याबाई देवाला काही बोलत नसत. मलाच म्हणत, "तू शिकलीस ना? मंग जा की तिच्याकडं." जायचं कसं, हा प्रश्न होता. सर्व्हिस मोटार सकाळी जाई ती दुसऱ्या दिवशी परत येई, आणि बैलगाडीत सगळा दिवस वाटेवरच सरे.

अशात आमच्या डॉक्टरांच्या मनात आलं, की आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या वारी, त्याच गावच्या चावडीत बायकांना तपासायला नर्स पाठवावी. मला ते म्हणाले, त्याच दिवशी जाऊन परत येण्याची सोय तुम्ही स्वतः करत असाल तर हे काम तुमचं. नाहीतर तो दिवस मी दुसऱ्या गावाला देतो. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी सांगा. मला वाटलं, देवाने दार उघडलं आणि दारात ही गुडघ्याएवढी फटफटी उभी केली.

ह्यांनी मागे एक फळी बसवली. नऊवारी सावरून, औषधांची पेटी मांडीवर घेऊन मी त्या फळीवर आडवी बसले. पाहणाऱ्यांची चांगली करमणूक झाली. सपाट रस्त्यावर ती बरी चालली. पण गावाच्या अलीकडे एक लांब चढ आहे. त्या चढाच्या पायथ्याशी ती खोकली, अर्ध्यावर कण्हली आणि मग गप्प झाली. मी उतरले. तरी चढेना, मग हे उतरले आणि ढकलू लागले. मागून तांड्यावरचा एक गाडीवान कडब्याची गाडी घेऊन आला. आमच्या पुढे गेल्यावर बैल थांबवून त्याने अदबीने विचारलं, दोर देऊ का? तो हसला असता तर चाललं असतं. त्याच्या त्या अदबीचाच मला राग आला.

हे म्हणाले, "दोघांना वढायचा दम न्हाई तिच्यात."

"मग दम भरा," मी म्हणाले. "तुम्हाला जमत नसेल तर मी भरते."

बाजारात एक मिस्त्री होता, ह्यांचा दोस्त. शिवणयंत्रं, सायकली, बत्त्या, जे बिघडेल ते दुरुस्त करायचा. घर मणियाराचं, म्हणजे बांगड्या भरणाऱ्यांचं. बापाने बांगड्या विकल्या, आई अजून टोपली घेऊन आळीत फिरायची, हा मात्र काच सोडून लोखंडात शिरला होता. दोघांनी फटफटी उलगडून पोत्यावर मांडली आणि बेत केला. धुराची नळी फार अरुंद, लष्करवाल्यांनी आवाज दाबायला तिचा गळाच दाबला होता, ती मोकळी करायची. इंजिनाच्या आतली धूर जाण्याची वाट कानशीने रुंद करायची. वरचं टोपण घासून पातळ करायचं, म्हणजे आत वायू जास्त आवळला जाऊन धक्का जोराचा बसेल. आणि मागच्या चाकाला मोडक्या सायकलीची मोठी दातेरी चकती लावायची. त्याने वेग कमी होईल पण चढ चढेल. हे मला रोज रात्री जेवताना सांगत आणि भाकरीवर बोटाने नळ्या काढत. मी म्हणे, चढली म्हणजे सांगा.

डॉक्टरांना उत्तर द्यायचा दिवस उजाडला. माझी पाळी दुपारची होती. सकाळी मिस्त्रीची आई, मणियारीण, बांगड्यांची टोपली घेऊन आली. काचेच्या बांगड्यांवर डॉक्टर चिडत आणि मोकळ्या मनगटावर आत्याबाई चिडत. दोघांचं मन राखायला मी हातात चार-चार भरत असे. माझा हात दाबून, बोटं गोळा करून ती बांगडी चढवत होती, आणि बोलता बोलता अगदी आनंदाने म्हणाली, "बाई, तुमच्या फटफटीचं इंजन वाढवलं बघा माझ्या पोरानं. सकाळच्या पारीच वाढवलं."

आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

आमच्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, बांगडी वाढवली म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तरी ते वाढवलं. नारळसुद्धा फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. फुटण्या-तुटण्याचं नाव सवाष्णीच्या घरात घ्यायचं नाही, म्हणून हा उलटा शब्द. आणि तो जर मणियारणीच्या तोंडून आला, तर त्याचा दुसरा अर्थ कुठून निघणार? तिचा सगळा जन्म हा शब्द त्या एका अर्थाने ऐकण्यात गेलेला.

"पुरतं वाढवलं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"पुरतं. आता पयल्यासारखं न्हाई ऱ्हायलं त्ये."

"आन् पोराला काई तकलीफ?"

"हात भाजला जरासा. पन लई खूश हाय, सकाळधरनं गाऊन राहिला."

दुसऱ्याच्या वस्तूचा चुराडा करून गाणं म्हणणारा हा कसला मिस्त्री, हे आत्याबाईंना कळेना. मलाही कळेना. मणियारीण गेल्यावर आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. "माझ्या लेकीचं नशीबच तसलं," एवढंच म्हणाल्या. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझी रीत अशी, की आपल्या माणसाचे डोळे भरले की मला राग येतो. मी वहाणा घातल्या आणि तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांना म्हणाले, जमणार नाही. ते म्हणाले, ठीक आहे, मग तो दिवस मी सेनगावाला देतो. मान वर न करता म्हणाले, त्याचाही राग आला.

तिथून मी मिस्त्रीच्या दुकानावर चाल करून गेले. हेही जेवणाच्या सुट्टीत तिथेच आलेले. दोघे फटफटीपुढे उकिडवे बसले होते आणि दोघांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"इंजिन वाढवलं म्हणे," मी म्हणाले.

"व्हय!" मिस्त्री म्हणाला.

मग मी जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. लोकांच्या वस्तूंचं खोबरं करता, वर दात काढता, माझी सासू घरी रडतेय, तिच्या लेकीचं काय होणार आहे ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का, असं बरंच. मिस्त्रीला काय करावं सुचेना, म्हणून त्याने वाकून टाकीला पंप मारला आणि फटफटी ढकलून सुरू केली.

असा आवाज हिंगोलीच्या बाजाराने तोवर ऐकला नव्हता. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. हळदीच्या आडतीवरचे हमाल पोती टाकून बाहेर आले. फटफटी जागच्या जागी थरथरत होती, जणू दावं तोडायला आलेली कालवड. मी बोलायची थांबले, कारण माझंच मला ऐकू येईना.

त्याने ती बंद केली आणि घाबरत म्हणाला, "बाई, वाढवलं म्हंजी बढाया. ताकद वाढवली. काहून रागावल्या?"

"आमच्याकडे वाढवलं म्हणजे फुटलं. खोटं वाटत असेल तर तुमच्या आईला विचारा."

तो क्षणभर माझ्या हातातल्या नव्या बांगड्यांकडे बघत राहिला. मग जे हसायला लागला, ते भिंतीला टेकून खालीच बसला. हे मात्र हसले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तेवढा शहाणपणा कमावला होता.

आम्ही तसेच फटफटीवरून दवाखान्यात गेलो. आवाजाने चिडून डॉक्टर व्हरांड्यात आले. मी म्हणाले, माझा नकार मी परत घेते. शब्दाचा घोळ झाला. कोणत्या शब्दाचा, हे त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली, आणि समजलं तेव्हा तेही हसले. सेनगावाला निरोप अजून गेला नव्हता. ते म्हणाले, उद्या मी स्वतः मोटारीने चावडीवर जातोय. दुपारच्या आत तुम्ही तिथे दिसलात तर दिवस तुमचा.

दुसऱ्या दिवशी चढ लागला. अर्ध्यावर वेग इतका कमी झाला, की बाजूने चालणारी म्हातारी आमच्याशी गप्पा मारू शकली असती. उतरायच्या तयारीने मी पाय सैल केला.

"उतरू नको," मागे न बघता हे म्हणाले. "वढून राहिली ती. बस."

मी बसले. पेटी घट्ट धरली आणि वन्संचं नाव घेत बसले. आजही तो चढ आठवला की पहिली आठवते ती नळीची धग आणि ह्यांची घामेजलेली पाठ. माथ्यावर तोच गाडीवान भेटला. आमच्या आवाजाने त्याचे बैल बिथरले आणि तो खाली उडी मारून त्यांना धरत होता. या खेपेला त्याने दोराची चौकशी केली नाही.

चावडीत डॉक्टर होते. बायका आधी फटफटीला भिऊन पळाल्या, मग एकेक करून आल्या, आणि शेवटी सासूच्या मागून, तोंडावर पदर ओढून, वन्सं आल्या. मी पोटावर हात ठेवला आणि मला उमगलं. मूल पायाळू होतं, डोकं वर, पाय खाली. आधीची दोन्हीही अशीच आली होती, हे वन्संनी आता सांगितलं; वेळेआधी कुणी हात लावून पाहिलंच नव्हतं. मी त्यांना म्हणाले, वन्सं, आता मला ठाऊक आहे, आता भ्यायचं नाही. त्या भीत होत्याच. मीही भीत होते. पण ठाऊक असून भिणं आणि अंधारात भिणं यांत फरक असतो.

त्यानंतर दर बाजाराला गेले. त्या आवाजाचा पुढे उपयोगच झाला. आम्ही माथ्यावर आलो की गावाला कळे, आणि चावडीत पोचेपर्यंत बायका पाणी तापवून बसलेल्या असत.

वन्संचा दिवस मात्र बाजाराचा नव्हता. सकाळी परतीच्या मोटारीबरोबर निरोप आला, कळा सुरू झाल्या. ह्यांनी पंप मारला. फटफटीवर तिसऱ्याला जागा नाही, म्हणून आत्याबाई शेजारच्या छकड्यातून मागून निघाल्या. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता. पुढचं सगळं सांगत नाही. पाय आले, अंग आलं, आणि डोकं अडलं. वन्संनी एका हाताने माझं डावं मनगट असं आवळलं की बांगड्या कडाकडा फुटल्या. "वाढवल्या गं बाई, समद्या वाढवल्या," त्यांची सासू ओरडली.

तेवढ्यात छकडा दारात आला होता. आत्याबाईंनी नेमका तो शब्द ऐकला. दाराबाहेरून त्यांचा आवाज आला, ओळखूच येणार नाही असा.

"काय वाढवलं? अगं, काय वाढवलं?"

माझे दोन्ही हात गुंतलेले. मनगटातून रक्त येत होतं आणि बोलायला श्वास नव्हता. मग डोकं सुटलं. मी लेकराला उलटं धरलं, पाठीवर चापटी मारली, आणि ते रडलं.

"बांगड्या, आत्याबाई," मी म्हणाले. "नुसत्या बांगड्या."

मग आत्याबाई उंबऱ्यावर बसल्याचं कळलं, आणि लेकराच्या रडण्यावरून त्यांचं बोलणं आत आलं.

"मंग वाढवू दे. समदं वाढवू दे."